चोवीस नंबरची डाय घेऊन काशीमीऱ्याला

मुंबईला जाऊन आलो म्हटल्यावर आमच्या उद्यमनगरात प्रत्येकाने मला चौपाटी आणि राणीची बाग याबद्दल विचारलं. खरं म्हणजे मी मुंबईला गेलोच नव्हतो. मुंबईच्या वेशीबाहेर काशीमीरा नावाचा नाका आहे, तिथे चार दिवस काढले, खाडीकाठच्या एका गावात पाहुणचार घेतला आणि चिनी माती लावलेलं पोलाद घेऊन कोल्हापूरला परत आलो. एवढं सांगितलं की लोक माझ्याकडे काळजीने बघतात. म्हणून एकदाच सगळं लिहून काढतोय. पुढे कोणी विचारलं तर हे कागद हातात देईन आणि आपल्या कामाला लागेन.

आधी मी काय घेऊन गेलो ते सांगतो. आमचा कारखाना छोटा. नट आवळायचे पाने बनवतो. पोलादाच्या दोन ठोकळ्यांत पान्याचा आकार कोरलेला असतो, करंजीच्या साच्यासारखा. खालच्या ठोकळ्यावर लालभडक तापलेला तुकडा ठेवायचा, वरचा ठोकळा प्रेसने दाबायचा, की पाना तयार. या जोडीला डाय म्हणतात. तापलेलं लोखंड तिच्या पोटात रोज घासून घासून कडा झिजतात, आकडे पुसट होतात आणि सहाएक महिन्यांत डाय म्हातारी होते.

आमच्याकडच्या सगळ्या डाय आण्णांच्या हातच्या. आण्णा म्हणजे गणपत लोहार, वय सत्तरच्या आसपास, माझे उस्ताद. मी मिसरूड फुटायच्या आधी त्यांच्या बाकड्याशी उभा राहिलो तो अजून उभाच आहे. डाय पुरी झाली की आण्णा डोळे मिटून तिच्या पोटात उजव्या हाताचा अंगठा फिरवतात. केसाएवढी खोट असली तरी त्यांना कळते. अंगठा फिरल्याशिवाय डाय प्रेसवर चढत नाही, हा आमच्या खात्याचा कायदा. मी तो इतका पाळतो की बायकोने नवं पातेलं आणलं तरी आतून अंगठा फिरवून बघतो, आणि बोलणी खातो.

चौऱ्याण्णवच्या पावसाळ्यात आण्णांच्या डोळ्यांत काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येत नाही, असं मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्याआधीच त्यांची चोवीस नंबरच्या पान्याची डाय पुरी झाली होती, आणि ती शेवटची ठरली. मालक वाईट माणूस नाही, पण तो म्हणाला, ही डाय चालेल तोवर आण्णांचं बाकडं राहील. ती झिजली की पुण्याहून मशीनवर कापलेली मागवू. म्हणजे डायचं जेवढं आयुष्य, तेवढं आण्णांच्या कामाचं. आण्णांना हे कुणी सांगितलं नव्हतं आणि कुणी सांगायची गरजही नव्हती.

त्या डायवर चोवीसमधला इंग्रजी चारचा आकडा खास आण्णांचा आहे. डोकं उघडं आणि खाली बारीकशी शेपटी. "चौथीपतोर शिकलो, म्हणून चार झकास येतोय," असं ते म्हणायचे. आमचे पाने बाजारात लोक त्या चारवरून ओळखतात.

मालकाने कुठल्याशा मासिकात वाचलं की डायवर सिरॅमिकचा पातळ लेप दिला तर ती कितीतरी जास्त टिकते, आणि हे काम करणारे एक सामंत म्हणून आहेत, काशीमीऱ्याला. सिरॅमिक म्हणजे आपल्या बरणीचीच भावकी, हे कळल्यावर आण्णा पोट धरून हसले.

"डायला बरणीची माती? दिन्या, लोणचं घालायचंय व्हय रं तिच्यात?"

मग दोन दिवस ते डायच्या पोटात अंगठा फिरवत बसून होते. सामंतांचं पत्र आलं होतं की धारदार कोपऱ्यावर लेप टिकत नाही, कोपरे थोडे गोल करा आणि लेपाच्या जाडीपुरतं पोट मोठं करा. तिसऱ्या दिवशी आण्णांनी मला शेजारी बसवलं. माझे डोळे आणि त्यांचा अंगठा, असं आम्ही मिळून ते काम केलं. मग त्यांनी डाय स्वतःच्या हाताने गोणपाटात बांधली.

"ने," म्हणाले. "पन माझी म्हनून परत आन."

सोमवार, वरसावे ते काशीमीरा

डायचे दोन्ही ठोकळे मिळून माझ्याहून जड. एसटीचा कंडक्टर त्यांच्याकडे बघून हात जोडता झाला. मग ओळखीने गुळाच्या ट्रकमध्ये जागा मिळाली. आमचा गूळ गुजरातला जातो आणि गाडी जाते ठाण्यावरून घोडबंदरच्या रस्त्याने. ढेपांच्या वासात रात्र काढून सकाळी डोळे उघडले तर एका अंगाला डोंगराची झाडी आणि दुसऱ्या अंगाला खाडी. मला वाटलं होतं आता नुसत्या इमारती दिसतील. इतकं हिरवं बघून मला उगाच फसवल्यासारखं वाटलं.

वरसाव्याला पुलाच्या अलीकडे ट्रकची रांग लागलेली. ड्रायव्हरने मला तिथेच उतरवलं. "शुक्रवारी दुपारी हितंच थांबा. मी न्हेतो," एवढं बोलून तो रांगेत शिरला. मी, दोन गोणपाटं आणि घरच्यांनी बळेच दिलेली एक गुळाची ढेप असे चौघे रस्त्याच्या कडेला उभे राहिलो.

रिक्षावाल्याने पहिलं गोणपाट उचलायला हात घातला आणि सोडला.

"क्या है इसमें? मुर्दा है क्या?"

"लोहा है भाऊ, लोहा."

"मेरा रिक्षा भी लोहे का है, वो तो ऐसा नहीं बैठता," असं म्हणून त्याने मागच्या चाकांकडे बोट दाखवलं. ती खरोखरच बसली होती. काशीमीऱ्यापर्यंत तो एकाही खड्ड्यावरून मला दोष दिल्याशिवाय गेला नाही.

काशीमीरा म्हणजे नाका, गोदामं, गॅरेजं, ढाबे आणि गाड्यांचे हॉर्न. इथे माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, ओरडतात, कारण दुसरा इलाज नाही. गॅरेजांच्या रांगेमागे सामंतांचा गाळा. सामंत मूळचे रत्नागिरीकडचे, वाढले गिरगावात आणि आता मीरा रोडच्या नव्या इमारतीत राहायला आलेले. मोठ्या प्रयोगशाळेतली नोकरी सोडून त्यांनी हे काम सुरू केलं होतं. पन्नाशीचा बारीक माणूस, चष्मा सारखा नाकावर घसरणारा. मी बरणीचा विषय काढला. आण्णांचा विनोदही सांगितला. ते मनापासून हसले आणि चहाचा रिकामा कप उलटा केला.

"तुमच्याकडे सुरीला धार कशी लावतात?"

"घरी? कपाच्या बुडावर घासतात."

"बस. झिजतं कोण? सुरी. कप नाही झिजत." त्यांनी कप सुलटा ठेवला. "आता हाच कप खाली टाका. फुटणार. सिरॅमिकला घासणं सोसतं, घाव नाही सोसत. तुमच्याकडे काय आहे, प्रेस की हॅमर?"

"प्रेस."

"सुटलात. हॅमर असता तर आल्या पावली परत पाठवलं असतं."

वीस वर्षं मी पोलाद कोरतोय आणि माझी आई त्याच्या दुप्पट वर्षं कपाच्या बुडावर विळी-सुरी घासतेय, पण ही गोष्ट आम्हाला कधी सुचली नव्हती. सामंतांनी गोणपाट सोडलं आणि डाय भिंगाखाली धरली. चारच्या आकड्यावर त्यांचं भिंग थांबलं.

"हे हाताने कोरलंय?"

"होय. उलटा कोरायचा म्हणजे पान्यावर सुलटा येतो."

"कमाल आहे," ते म्हणाले, आणि पुन्हा बघितलं. त्या क्षणी मला हा माणूस आवडला.

सोमवार संध्याकाळ, मोरवा

सामंतांकडे लेप फवारायची गन चालवतो भास्कर पाटील. चाळिशीचा आगरी गडी, खांदे रुंद, बोलणं कमी. मी नाक्यावरच्या लॉजचं नाव काढताच तो म्हणाला, "मिस्त्री, तिथे ढेकूण हायत. वर रात्रभर ट्रक. घरी चला." विचारत नव्हता, सांगत होता.

त्याचं घर भाईंदर पश्चिमेला, मोरवा गावात. दोन रिक्षा आणि मध्ये स्टेशनचा पूल ओलांडून तिथे पोचलो आणि हॉर्न एकदम मागे पडले. कौलारू घरं, दारात जाळी वाळत घातलेली आणि गावापलीकडे मिठागरं. पांढऱ्याशुभ्र ढिगांच्या रांगा उन्हात चमकत होत्या. भास्करच्या वडिलांचा जन्म त्या मिठातच गेला होता.

दारात त्याची आई उभी. नऊवारी आगरी पद्धतीने घट्ट नेसलेली, हात कोपरापर्यंत ओले.

"कोल्हापूरशी आयलास? यवऱ्या लांबशी? बस, बाला, बस."

त्यांच्या बोलण्यातलं हाय आणि न्हाय ऐकून मला एकदम घरी आल्यासारखं झालं. चारशे किलोमीटर लांब येऊन आपलंच न्हाय ऐकायला मिळावं, याहून काय पाहिजे! मी त्यांना मावशी म्हणू लागलो. गुळाची ढेप पुढे ठेवली, तर त्यांनी तिथल्या तिथे वरवंट्याने खडा फोडला, तोंडात टाकला आणि डोळे मिटले. आण्णा डाय तपासताना करतात तसंच त्यांचं तोंड झालं होतं.

जेवायला तांदळाची भाकरी आणि निवटीचं कालवण. निवटी हा खाडीच्या चिखलात उड्या मारणारा मासा. ताटात त्याचे वर आलेले डोळे माझ्याकडेच बघतायत असं मला वाटलं. आम्ही तांबड्या-पांढऱ्या रश्श्याची माणसं, आमच्या ताटातलं जनावर असं बघत नाही.

"खा रं. लाजतंस कनाला?"

कनाला म्हणजे कशाला, एवढं मला कळलं. पहिला घास जपून घेतला. दुसऱ्यापासून मोजायचं सोडलं. तिखटाच्या बाबतीत मात्र कोल्हापूर पुढे आहे, हे मी तिथे मनातल्या मनात नोंदवून ठेवलं. पण ज्वारीच्या भाकरीचा अभिमान मी तांदळाच्या भाकरीपुढे थोडा आवरता घेतला. इतकी पातळ आणि मऊ भाकरी मी कधी खाल्ली नव्हती.

मंगळवार, टँकर

कामाचा क्रम मला सामंतांनी समजावून सांगितला. आधी डाय गरम पाण्याने आणि रसायनाने धुवायची, तेलाचा थेंब राहता कामा नये. मग दाबाच्या हवेने तिच्यावर कठीण रवा मारायचा. पाट्याला टाकी लावतात तसा पृष्ठभाग खरखरीत झाला की लेपाला धरायला जागा मिळते. याला ब्लास्टिंग म्हणतात. त्यावर धातूचा पातळ थर आणि शेवटी सिरॅमिक.

"ब्लास्टिंग झाल्यावर मात्र हात लावायचा नाही," सामंत म्हणाले. "कोणीही."

मी मान डोलावली. अशा सूचना लहान मुलांना असतात, असं माझं मत होतं.

भास्करने दुपारपर्यंत दोन्ही ठोकळे ब्लास्ट केले. आण्णांनी आरशासारखी केलेली पोटं राखाडी आणि मंद दिसू लागली. बघवत नव्हतं. आता लगेच लेप द्यायचा, कारण खाडीच्या खाऱ्या हवेत उघडं लोखंड तासाभरात गंज धरतं. पण लेपाच्या गनला थंड ठेवायला पाणी लागतं, आणि ऐन वेळी टाकीचा पाइप फुटून पाणी वाहून गेलं. त्या काळात मीरा रोड-भाईंदरला पाण्याचं नाव काढलं की माणसं हळवी व्हायची. सामंतांच्या बिल्डिंगमध्ये पाण्याची वेळ बघून लोक लग्नाचे मुहूर्त काढतात, असं ते म्हणाले. मी आमच्या पंचगंगेचं वर्णन सुरू केलं होतं, ते त्यांचा चेहरा बघून आवरलं.

टँकर आणायला भास्कर नाक्यावर पळाला. सामंत पाइप शोधायला शेजारच्या गॅरेजमध्ये गेले आणि तिथल्या सरदारजींशी हिंदीत घासाघीस करत बसले. गाळ्यात मी आणि डाय. भास्करने तिच्यावर स्वच्छ फडकं टाकलं होतं आणि ऊब राहावी म्हणून वर दिवा लावला होता.

मी फडकं उचललं. फक्त बघायला. आण्णांचा चार शाबूत आहे का, एवढंच बघायचं होतं. दिसत होता, पण नीट दिसत नव्हता. आणि मग माझा अंगठा गेला. मी नेला नाही, तो गेला. चारच्या उघड्या डोक्यावरून, शेपटीवरून, बाजूच्या उतारावरून, आण्णांनी शिकवला तसा, दाबून. चार जागेवर होता. मी समाधानाने फडकं परत टाकलं आणि मगच मला सामंतांचं वाक्य आठवलं.

अंगठा पँटला पुसला. जणू काही अंगठा पुसून डाय स्वच्छ होणार होती. टँकर आला, पाइप बसला, भास्करने काळा चष्मा चढवला आणि मी काही बोललो नाही. एका अंगठ्याने काय होतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

बुधवार, पापडी

लेपाचं काम बघण्यासारखं आहे. गनच्या तोंडातून निघणारी ज्योत काळ्या काचेतूनही डोळ्यांना सोसवत नाही, आणि तिचा आवाज असा की शेजारच्या गॅरेजची ठोकाठोक ऐकूच येत नाही. त्या ज्योतीत सिरॅमिकची पांढरी भुकटी सोडतात. ती वितळून डायवर आपटते आणि जागच्या जागी थिजते. भास्कर हात एका लयीत इकडून तिकडे नेत होता. भिंतीला चुन्याचा हात देणारा जुना रंगारी असाच चालतो. मी त्याला मनातल्या मनात उस्ताद मानून टाकलं.

मंगळवारी संध्याकाळी धातूचा थर झाला होता, बुधवारी दुपारी वरचा लेप झाला. मग परीक्षा. आमच्या प्रेसवर डाय जेवढी तापते तेवढी भट्टीत तापवायची आणि निवू द्यायची. वरचा ठोकळा पास झाला. खालचा ठोकळा निवताना बारीक टक् असा आवाज आला. चारच्या शेजारून अंगठ्याएवढी पापडी सुटून वर आली.

सामंत ती पापडी चिमटीत धरून उजेडात बघत राहिले. आवाज न चढवता म्हणाले, "हात कुणाचा लागला?"

मी भट्टीचं दार लावायला वळलो.

"माझाच असंल," भास्कर म्हणाला. "टँकरच्या गडबडीत ग्लोव्ह काढला व्हता."

सामंत पापडी घेऊन आत गेले. भास्करने माझ्याकडे बघितलंही नाही, गन पुसायला घेतली.

त्या संध्याकाळी मोरव्याला मावशींनी माझ्यासाठी खास म्हणून बोंबील तळले होते. मी ताटाकडे नुसता बघत बसलो.

"कालवण तिखट झाला काय?"

"नाही मावशी."

"मंग? निवट्या खाल्ल्यास, बोंबील कनाला ठेवलास?" त्यांनी माझ्या ताटात अजून दोन टाकले.

भास्कर खाली मान घालून जेवत होता. त्याच्या घरचं मीठ खाऊन मी त्याच्यावर माझं पाप घालत होतो. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. आणि लाजेखाली भीती होती. डाय बिघडली तर ती एकच आहे. दुसरी करणाऱ्याला दिसत नाही.

गुरुवार

सकाळी सामंत कुलूप उघडत होते तेवढ्यात मी सांगून टाकलं. आत जाईपर्यंतही थांबलो नाही. अंगठा, आण्णांचा कायदा, चार, सगळं. रस्त्यावर दोन ट्रक एकाच वेळी हॉर्न देत होते, त्यामुळे मला ओरडून कबूल व्हावं लागलं. शेजारच्या सरदारजींनीही ऐकलं.

सामंतांनी चष्मा वर सरकवला.

"सात वर्षं भास्करने ब्लास्ट केलेल्या लोखंडाला हात लावलेला नाही. तो खोटं बोलतोय ते मला कालच कळलं. का बोलतोय तेवढं कळत नव्हतं."

मागून येणारा भास्कर कानकोंडा झाला. "घरचा पाव्हना हाय," एवढंच म्हणाला.

मग सामंत जरा चिडले. ते योग्यच होतं. तुमच्या उस्तादाचा अंगठा तुमच्या गावात मोठा असेल, इथे तो तेलकट आहे, असं त्यांनी मला ऐकवलं. मी ऐकून घेतलं. राग उतरल्यावर त्यांनी परिस्थिती सांगितली. खालच्या ठोकळ्यावरचा सगळा लेप रवा मारून काढावा लागेल. त्यात थोडं पोलादही जाणार. पोटाला त्याने फरक पडणार नाही, पण आकडा उथळ आहे. तो राहील की पुसेल सांगता येत नाही, आणि वर लेप आल्यावर बघूनही कळणार नाही.

"मग कळणार कधी?"

"पहिला पाना निघेल तेव्हा." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "आकडा गेला तर नंतर प्रत्येक पान्यावर तयार आकड्याच्या पंचाने ठोका. पाना तोच राहतो ना?"

त्यांचं बरोबर होतं. पाना तोच राहतो. पण आण्णा म्हणाले होते, माझी म्हणून परत आण. पंचाचा चार कुणाचाही असतो. मी हे भास्करला सांगितलं, सामंतांना नाही. त्याने ऐकलं आणि हवेचा दाब निम्म्यावर आणला. चारपाशी नळी लांब धरून, तिरकी, त्याने इतक्या सावकाश रवा मारला की तासाभराच्या कामाला त्याची अख्खी सकाळ गेली. मी दोन्ही हात पाठीमागे बांधून उभा होतो. सामंत जाता-येता माझे हात जागेवर आहेत का ते बघून जात.

संध्याकाळी दोन्ही थर पुन्हा चढले. भट्टीतून काढलेली डाय निवताना आम्ही तिघे कान लावून बसलो. टक् झालं नाही. सामंतांनी चहा मागवला आणि कपाचं बूड माझ्याकडे करून हसले.

शुक्रवार, मिठाची पिशवी

निघताना मावशींनी मिठाची पिशवी आणली. मी हात पुढे केला तशी त्यांनी ती जमिनीवर ठेवली.

"मीठ हातान देत न्हाय. भांडान होतंय. उचल."

आमच्याकडेही मीठ हातावर देत नाहीत. मी ती जमिनीवरून उचलली आणि त्यांच्या पाया पडलो. त्यांनी गुळाचा राहिलेला खडा दाखवला. "ह्यो सपला का परत ये," म्हणाल्या. मी होय म्हटलं आणि पिशवी काखेत मारली.

भास्कर वरसाव्यापर्यंत आला. गुळाचा ट्रक गुजरातहून रिकामा परत येत होता. डाय मागे चढली. पण मीठ आणि पोलाद शेजारी ठेवायचं नाही हे कुठलाही डायवाला जाणतो, म्हणून पिशवी मी मांडीवर घेतली ती कोल्हापूरपर्यंत. ड्रायव्हरने दोनदा विचारलं की पिशवीत असं काय आहे. मी मीठ म्हटल्यावर त्याने पुढे माझ्याशी बोलणं जरा कमीच केलं.

उद्यमनगर

आण्णा बाकड्यापाशी बसूनच होते. मी गोणपाट सोडलं आणि कोणी काही बोलायच्या आत त्यांना माझ्या अंगठ्याची गोष्ट सांगितली, कारण उशीर केला की काय होतं ते मी शिकून आलो होतो. चार गेला असेल कदाचित, हेही सांगितलं. ते ऐकत राहिले. मग डोळे मिटून त्यांनी डायच्या पोटात अंगठा नेला. लेप खरखरीत असतो, पाट्यासारखा. त्यांचा अंगठा थोडा फिरला आणि थांबला. पुन्हा फिरला. चारच्या जागेवर त्यांनी वेळ घेतला.

"ह्ये माझं न्हाय," म्हणाले.

मालकाने खूण केली आणि डाय प्रेसवर चढली. अंगठ्याची पसंती न मिळालेली ती आमच्या खात्यातली पहिली डाय.

भट्टीतून तुकडा आला, प्रेस खाली गेला, वर आला. पाना लाल होता, आकडा काही दिसेना. आण्णा काठी टेकत प्रेसपाशी येऊन उभे राहिले. पाना लालाचा काळा झाला, राखेत निवला, तोवर ते हलले नाहीत. कोणीतरी बघून सांगतो म्हणालं, त्याला त्यांनी हाताने गप्प केलं. मग मी पाना फडक्याने पुसून त्यांच्या हातात दिला.

अंगठा दांड्यावरून गेला, जबड्यावरून गेला, आकड्यावर आला. दोन ओलांडला. पुढे थांबला. वर उघड्या डोक्यात शिरला, खाली आला आणि शेपटीवर टेकला.

आण्णांनी आंधळ्या डोळ्यांनी माझ्या दिशेला बघितलं. चाचपडत माझा उजवा हात धरला, अंगठा सुटा केला आणि त्या चारवर दाबून ठेवला.

"आता लाव हात," म्हणाले.